भाऊ नसलेल्यांची भाऊबीज

दिवाळीच्या पहिल्या दिवशी तुमच्याकडे पहिला घास कुणासाठी काढतात? काठमांडूत तो कावळ्यासाठी काढतात!

दचकलात ना? मीही दचकले होते. कावळा म्हटलं की आपल्याला पितृपंधरवडाच आठवतो. पण ह्यांच्या नोकरीमुळे २०२२ ते २०२४ अशा तीन दिवाळ्या आम्ही काठमांडूत केल्या, आणि ओळखीचा सण किती वेगळ्या रूपात भेटतो ते पाहिलं.

तिथे दिवाळीला 'तिहार' म्हणतात. या पाच दिवसांना 'यमपंचक' असंही नाव आहे. आपणही धनत्रयोदशीला यमासाठी दिवा लावतो, भाऊबीजेला यमद्वितीया म्हणतो. तिथे मात्र यमाच्या सगळ्या गणगोताचाच मान! त्रयोदशीला त्याचा निरोप्या कावळा. चतुर्दशीला त्याच्या दारचा राखणदार कुत्रा. आपण अभ्यंगस्नान उरकतो त्या दिवशी तिथल्या गल्लीतल्या भटक्या कुत्र्याच्याही कपाळी लाल टिळा नि गळ्यात झेंडूची माळ असते. अमावास्येला सकाळी गाय, संध्याकाळी लक्ष्मी. पाडव्याला नेवार लोकांचं नवं वर्ष. त्यांच्या नेपाळ संवताची गणना इ. स. ८७९ पासूनची. त्या दिवशी ते 'म्ह पूजा' करतात, म्हणजे स्वतःच्या देहाची पूजा. घरातल्या प्रत्येकासाठी जमिनीवर रांगोळीसारखं एकेक मंडल काढतात. वर्षभर सगळ्यांसाठी राबणाऱ्या गृहिणीचंही त्यात एक मंडल असतं, हे मला फार भावलं.

फराळात मुख्य 'सेलरोटी'. अनारशाचे तांदूळ आपण तीन दिवस भिजवतो. हिचे रात्रभर पुरतात. वाटून त्यात तूप, साखर, वेलची घालायची. पीठ धार धरेल इतपत सैल हवं. तापल्या तेलात गोल धार सोडली की बांगडीसारखं कडं फुगून येतं. बाहेरून खुसखुशीत, आतून मऊ.

पाचव्या दिवशी भाईटीका. आमच्या घरमालकीणबाईंना मी दीदी म्हणायची, त्या मला बहिनी, म्हणजे धाकटी बहीण. त्यांच्या घरी मी तो सोहळा पाहिला. बहीण भावाभोवती तेलाची धार धरून फेरी घालते, उंबऱ्यावर अक्रोड फोडते. आपण कारीट फोडतो ना, तसंच. मग सात रंगांचा टिळा लावते नि मखमलीची माळ घालते. ही आपली झेंडूच्या जातीची मखमल नव्हे. ही जांभळी, बोंडासारखी गोल फुलं सुकली तरी रंग सोडत नाहीत. माळ कोमेजेपर्यंत यमाने थांबायचं, अशी त्यामागची श्रद्धा. भाऊही बहिणीला उलट टिळा लावतो.

मला सख्खा भाऊ नाही. लहानपणापासून मी चंद्राला ओवाळत आले. चंद्राचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटायचं ते 'अगंबाई, भाऊ नाही का?' या चुकचुकण्याचं. दीदींना हे सांगितलं तर त्या चुकचुकल्या नाहीत. "मग चल राणीपोखरीला," एवढंच म्हणाल्या.

काठमांडूच्या भर वस्तीतला हा तलाव राजा प्रताप मल्लाने १६७० मध्ये बांधला, मुलाच्या मृत्यूने खचलेल्या राणीच्या सांत्वनासाठी. मधोमध शंकराचं मंदिर आहे. २०१५ च्या भूकंपात त्याची पडझड झाली. २०२० मध्ये ते पुन्हा उभं राहिलं. एरवी बंद असलेलं हे मंदिर भाईटीकेच्या दिवशी उघडतं, आणि ज्यांना भाऊ किंवा बहीण नाही ते तिथे टिळा लावून घेतात.

पुलावर भली मोठी रांग होती. कॉलेजातली पोरं, नऊवारीच्या वयाच्या आजीबाई, ऑफिसचे साहेब. कुणी कुणाला कारण विचारत नव्हतं, कारण सगळ्यांचं कारण एकच. आपल्यासारखे इतकेजण आहेत हे मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. कपाळावर टिळा लागला तेव्हा गळा दाटून आला, खोटं कशाला सांगू?

मैत्रिणींनो, ज्याचं कुणी नाही त्याच्यासाठी अख्ख्या शहराने एक दार उघडायचं, ही रीत मला फार मोठी वाटली. आपल्याकडे राणीपोखरी नसेल, पण पाट तर आहेत! येत्या भाऊबीजेला आणखी एक पाट मांडा. शेजारच्या एकट्या आजोबांसाठी, वसतिगृहातल्या मुलासाठी, किंवा बहीण गमावलेल्या कुणासाठी. मात्र 'बहीण नाही का?' असं विचारू नका. नुसतं "या, बसा" म्हणा.