टॅटूत तारीख गोंदवण्याआधी हे वाचा: जालन्याच्या तीन सालांतून शिका रोमन अंक

मनगटावर जन्मतारीख, खांद्यावर लग्नाची तारीख, कुणाच्या हातावर आईच्या आठवणीतला एखादा दिवस. रोमन अंकांतले असे टॅटू तुमच्या फीडमध्येही येत असतील. दिसायला झकास! पण एक चिन्ह इकडचं तिकडे झालं तरी तारीख बदलते. पोस्ट एडिट करता येते, टॅटू नाही.

एक साधं उदाहरण घ्या. जन्मसाल १९९९. एक हजार, आणि पुढे हजारातून एक कमी, असा हिशेब करून कुणी ⅯⅠⅯ लिहितं. बरोबर वाटतं ना? पण ते चूक आहे.

बरोबर काय, ते जालना जिल्ह्याशी नातं असलेल्या तीन सालांतून समजून घेऊया.

आधी सात चिन्हं

पाचवीच्या गणितात 'रोमन संख्याचिन्हे' शिकलेली तुम्हाला आठवत असतील. सगळी मिळून चिन्हं फक्त सात:

Ⅰ = १
Ⅴ = ५
Ⅹ = १०
Ⅼ = ५०
Ⅽ = १००
Ⅾ = ५००
Ⅿ = १०००

मोठ्या चिन्हानंतर लहान चिन्ह आलं तर बेरीज करायची. लहान चिन्ह मोठ्याच्या आधी आलं तर वजाबाकी. म्हणून ⅩⅠ म्हणजे ११ आणि ⅠⅩ म्हणजे ९.

पहिलं साल: ७९

इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि इटलीतलं पॉम्पेई शहर राखेखाली गाडलं गेलं. १९३८ मध्ये तिथल्या उत्खननात एक हस्तिदंती मूर्ती सापडली, चक्क भारतीय घडणीची! 'पॉम्पेई लक्ष्मी' या नावाने ओळखली जाणारी ही मूर्ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनच्या उत्खननातही तिच्याशी साम्य असलेलं हस्तिदंती काम मिळालं. त्यामुळे काही अभ्यासक या मूर्तीचं नातं भोकरदनशी जोडतात.

आता ७९ लिहूया. संख्या आधी फोडायची: ७० आणि ९.

७० = ⅬⅩⅩ (५० + १० + १०)
९ = ⅠⅩ (१० मधून १ वजा)

उत्तर: ⅬⅩⅩⅠⅩ.

युक्ती एवढीच. हजार, शतक, दशक आणि एकक वेगवेगळे लिहायचे आणि शेजारी शेजारी ठेवायचे.

दुसरं साल: १८०३

२३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्यातल्या असई गावाजवळ दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजा इंग्रजांशी लढल्या. इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. लढाई इंग्रजांनी जिंकली.

१००० = Ⅿ
८०० = ⅮⅭⅭⅭ
३ = ⅠⅠⅠ

उत्तर: ⅯⅮⅭⅭⅭⅠⅠⅠ.

यात दशकाच्या जागी शून्य होतं, ते कुठे गेलं? रोमन अंकांत शून्याला चिन्हच नाही. आपल्या पद्धतीत अंकाची किंमत त्याच्या जागेवर ठरते, म्हणून १८०३ मधलं शून्य गाळलं तर १८३ उरतात. रोमन चिन्हाची किंमत मात्र ठरलेली असते. Ⅿ कुठेही आला तरी हजारच. त्यामुळे दशक नसेल तर तिथे काहीच लिहायचं नाही.

पूर्ण तारीख होईल ⅩⅩⅢ.Ⅸ.ⅯⅮⅭⅭⅭⅢ. महिना लिहिताना Ⅸ ऐवजी Ⅺ झालं, तर सप्टेंबरची लढाई थेट नोव्हेंबरात जाते. टॅटूतही नेमकी हीच चूक होऊ शकते.

तिसरं साल: १९८१

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा होऊन जालना जिल्हा अस्तित्वात आला.

१००० = Ⅿ
९०० = ⅭⅯ (१००० मधून १०० वजा)
८० = ⅬⅩⅩⅩ
१ = Ⅰ

उत्तर: ⅯⅭⅯⅬⅩⅩⅩⅠ.

मग ⅯⅠⅯ का चुकलं?

कारण वजाबाकी कशीही करता येत नाही. आज प्रचलित असलेले नियम असे:

- Ⅰ फक्त Ⅴ आणि Ⅹ मधून वजा होतो.
- Ⅹ फक्त Ⅼ आणि Ⅽ मधून वजा होतो.
- Ⅽ फक्त Ⅾ आणि Ⅿ मधून वजा होतो.
- Ⅴ, Ⅼ, Ⅾ कधीच वजा होत नाहीत आणि लागोपाठ दोनदाही येत नाहीत.
- Ⅰ, Ⅹ, Ⅽ, Ⅿ सलग जास्तीत जास्त तीनदा येतात.

म्हणून १९९९ म्हणजे Ⅿ (१०००) + ⅭⅯ (९००) + ⅩⅭ (९०) + ⅠⅩ (९). सलग लिहिलं की ⅯⅭⅯⅩⅭⅠⅩ.

पण घड्याळात तर ⅠⅠⅠⅠ असतं!

बरोबर पाहिलंत. अनेक घड्याळांत चारच्या जागी ⅠⅠⅠⅠ दिसतं. खुद्द रोमन लोकही एकाच पद्धतीने लिहीत नव्हते. रोममधल्या कोलोसियमच्या ४४ क्रमांकाच्या दारावर ⅩⅬⅠⅠⅠⅠ कोरलेलं आहे. आजच्या नियमाने ते ⅩⅬⅠⅤ व्हायला हवं. आपण शाळेत शिकतो ते काटेकोर नियम पुढे रूढ झाले. तुमची तारीख मात्र आजच्या नियमानेच वाचली जाईल.

उलटं वाचायचं कसं?

डावीकडून सुरुवात करा. लहान चिन्ह मोठ्याच्या आधी दिसलं की त्या दोघांची जोडी करा, जोडीची वजाबाकी करा आणि मग सगळ्यांची बेरीज. ⅯⅭⅯⅬⅩⅩⅩⅠ मध्ये अशी जोडी एकच, ⅭⅯ. म्हणजे १००० + ९०० + ८० + १.

आता हे वाचून बघा: ⅯⅮⅭⅭⅭⅩⅤ. असईत जिंकलेल्या वेलस्लीने याच साली वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला. उत्तर १८१५ आलं, तर पद्धत जमली.

तरीही टॅटू काढणाऱ्यासमोर बसण्याआधी एक काम करा. लिहिलेली तारीख दुसऱ्या कुणाला तरी दाखवा आणि उलटी वाचायला सांगा. त्याने तुमचीच तारीख सांगितली, तरच हात पुढे करा.