पहिलं मत वाया जाऊ नये म्हणून

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, निवडणूक जवळ आली की कॉलेजात चर्चा रंगते ती उमेदवारांची. पण मुलांचं पहिलं मत बहुतेक वेळा मतदानाच्या दिवशी हुकत नाही, त्याच्या कितीतरी आधी हुकतं. यादीत नावच नसतं!

मतदानाचं वय १९८९ मध्ये २१ वरून १८ वर आलं. तरी नाव आपोआप यादीत येत नाही. त्यासाठी नमुना ६ भरावा लागतो. पूर्वी १ जानेवारीला १८ वर्षं पूर्ण असणं आवश्यक होतं. आता १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या तारखाही धरतात. शिवाय १७ वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. म्हणजे बारावीच्या वर्गातच हे काम उरकता येईल.

वसतिगृहातली मुलं विचारतात, "सर, पत्ता गावचा देऊ की इथला?" दोन्हींपैकी कुठलाही चालतो, पण एकच. इथला दिला तर प्राचार्यांचं प्रमाणपत्र लागतं. ते वेळेत मिळेल, एवढं आपण नक्की बघू शकतो.

आणि वर्गात वाद पेटला तर? दाबू नका. "कोणता पक्ष?" असं न विचारता "एसटी, पाणी, फी यांबद्दल कोण काय म्हणतंय?" असं विचारा. आपलं मत मात्र आपल्यापाशीच ठेवा. गुण आपल्या हातात असतात. मुलं मान डोलावतील, पण विचार करायचं सोडून देतील.