कम्युनिटी कॉलेजातून अभियांत्रिकीच्या पदवीकडे

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेज ही दोन वर्षांची सार्वजनिक संस्था आहे. तिची परंपरा १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे सुरू झाली. शालेय शिक्षणानंतरची पहिली दोन वर्षे अल्प शुल्कात, घराजवळ शिकावीत आणि तिसऱ्या वर्षी विद्यापीठात जावे, हा तिचा एक प्रमुख हेतू. या स्थानांतराला राज्यव्यापी शिस्त लावली ती कॅलिफोर्नियाने.

तेथील १९६० च्या बृहद् आराखड्याने उच्च शिक्षणाचे तीन स्तर ठरवले. वरचे साडेबारा टक्के विद्यार्थी कॅलिफोर्निया विद्यापीठाकडे, वरचे एक तृतीयांश राज्य महाविद्यालयांकडे आणि कम्युनिटी कॉलेज सर्वांना खुले. क्लार्क केर हे या आराखड्याचे प्रमुख शिल्पकार. निवड इतकी कडक ठेवायची, तर मागाहून येणाऱ्यांसाठी दार हवेच. म्हणून विद्यापीठांनी पहिल्या दोन वर्षांतील विद्यार्थ्यांचे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत उतरवून वरच्या वर्गांत जागा राखाव्यात, असे ठरले.

अभियांत्रिकीत मात्र हे दार अरुंद आहे. कलनशास्त्राची तीन सत्रे, त्यापुढे अवकल समीकरणे व रेषीय बीजगणित, सोबत कलनाधिष्ठित भौतिकी, रसायन, संगणक आज्ञावली आणि शाखेनुसार स्थितिकी किंवा विद्युत परिपथ, हे सारे स्थानांतरापूर्वीच पुरे करावे लागते. यांतील बरेच विषय एकामागून एकच घेता येतात. ज्याचे गणित थेट कलनशास्त्रापासून सुरू होत नाही, त्याची दोन वर्षे सहज तीन होतात. लहान महाविद्यालयात एखादा विषय वर्षातून एकदाच शिकवला जात असेल, तर तो हुकल्याची किंमत पूर्ण वर्षाची.

कोणत्या महाविद्यालयाचा कोणता विषय कोणत्या विद्यापीठात ग्राह्य, याचे करार ‘असिस्ट’ या सार्वजनिक नोंदकोशात शाखावार मिळतात. शंभरहून अधिक महाविद्यालयांचा हा नोंदकोश म्हणजे या व्यवस्थेचा कणाच. कॅलिफोर्निया विद्यापीठाची सहा केंद्रे अटी पूर्ण करणाऱ्यास प्रवेशाची हमीही देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो देत नाहीत. सांता बार्बराने हमी देताना अभियांत्रिकी वगळली आहे. हमी शब्दावर विसंबणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

स्थानांतरानंतरच्या पहिल्या सत्रात गुण घसरतात, या अनुभवाला १९६५ पासून शिक्षणशास्त्रात ‘ट्रान्सफर शॉक’ असे नाव आहे. ती घसरण पुष्कळदा पुढे भरूनही निघते. या वाटेने गेलेल्यांत मोठी नावेही आहेत: ‘ॲपल’चे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनियॅक कुपर्टिनोच्या डी अँझा या कम्युनिटी कॉलेजातूनच बर्कलीला गेले होते.

याच्या तुलनेत महाराष्ट्रात तंत्रनिकेतनाची पदविका घेतलेला विद्यार्थी अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतो. त्याच्या हाती नोकरीस उपयोगी अशी स्वतंत्र पदविका असते, तर कॅलिफोर्नियातील विद्यार्थ्याचा अभ्यास मुख्यतः पदवीचाच पूर्वार्ध असतो. तिकडे मुलांना पाठवणाऱ्या पालकांनी आधी विद्यापीठ आणि शाखा निश्चित करावी, तिचा करार वाचावा आणि मगच पहिल्या सत्राचे विषय निवडावेत.