संगणकीय खेळांचे संगीत : किनाऱ्यावरील तरुणांना किती वाव?

अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातील कोळीवाड्यांत हळदी-लग्नाला वाजणाऱ्या बेंजो पथकांतून अनेक तरुण वादक घडतात. संगणकीय खेळांना संगीत देण्याचा व्यवसाय त्यांना साधेल काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

चित्रपटातील संगीत ठरलेल्या क्रमाने वाजते. खेळात मात्र खेळणारा केव्हा थांबेल, केव्हा लढेल हे आधी ठाऊक नसते. म्हणून रचना लहान तुकड्यांत व थरांत बांधून प्रसंगानुसार जोडावी लागते. अलीकडे शब्दांत मागणी लिहिताच चाल तयार करणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सर्वांच्या हाती आली आहेत. त्यामुळे नवोदितांना मिळणारी किरकोळ पार्श्वसंगीताची कामे, म्हणजे या व्यवसायाची पहिली पायरीच, निसटण्याचा धोका आहे.

तथापि वाव संपलेला नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेच्या ‘राजी’ (२०२०) या भारतीय पुराणकथांवरील खेळाला ग्रीक संगीतकाराने संगीत दिले. काम देशाच्या सीमा ओलांडते, स्पर्धाही ओलांडते, हे यावरून दिसते. राज्य शासनाने २०२५ मध्ये ॲनिमेशन व गेमिंग क्षेत्रासाठी स्वतंत्र धोरणही मंजूर केले आहे.

वादनाबरोबर ध्वनिमुद्रण आणि खेळाच्या प्रणालीत ध्वनी बसविण्याचे तंत्र शिकणाऱ्यास या क्षेत्रात टिकाव धरता येईल. करार मात्र लेखी असावा. प्रताधिकार कायद्याच्या २०१२ मधील दुरुस्तीने ध्वनिमुद्रणातील संगीतरचनेच्या रॉयल्टीचा समान वाटा रचनाकारास दिला असून, तो निर्मात्याच्या नावे सोडून देता येत नाही. शिक्षक व पंचायत सदस्यांनी ही माहिती वादकांपर्यंत अवश्य पोहोचवावी.