प्रारंभदृश्य, चित्रपटातील

प्रारंभदृश्य, चित्रपटातील : चित्रपटाच्या आरंभी येणारी व प्रेक्षकाला कथेच्या विश्वात नेणारी दृश्यमालिका. श्रेयनामावली तिच्या आधी, नंतर किंवा तिच्यासमवेतही दाखविली जाते. पात्रपरिचय व स्थळकाळाची सूचना ही तिची नेहमीची कार्ये. तथापि तेवढ्याने ती परिणामकारक ठरत नाही. पुढे जे पणाला लागावयाचे असते, ते प्रेक्षकाने आधी स्वस्थपणे पाहिलेले असावे लागते.

दादासाहेब फाळके यांच्या राजा हरिश्चंद्र या मूकपटाचा आरंभ या दृष्टीने अभ्यसनीय आहे. दादर येथे चित्रित झालेला हा चित्रपट ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन चित्रपटगृहात प्रदर्शित झाला. पहिल्याच दृश्यात राजा हा राणी तारामतीसमोर आपल्या पुत्राला धनुर्विद्या शिकवीत आहे. त्याची मांडणी राजा रविवर्मा यांच्या चित्रावर बेतलेली आहे. रविवर्म्यांचा शिळाछापखाना १८९४ मध्ये गिरगावातच सुरू झाला होता. त्याची पौराणिक चित्रे घरोघरी भिंतींवर लागली आणि फाळके यांनीही पुढे त्या छापखान्यासाठी काम केले. त्यामुळे नव्या माध्यमात प्रेक्षकाला प्रथम ओळखीचे चित्र भेटले आणि ते हलू लागले. अक्षरओळख नसलेल्यालाही ते कळावे असेच होते. पत्नी, पुत्र व राजवैभव, म्हणजे हरिश्चंद्र जे जे गमावणार ते सर्व, येथे एकाच चौकटीत दिसते. धनुष्यही निव्वळ शोभेचे नाही : प्रजाजनांच्या आग्रहावरून राजा शिकारीस जातो, तेथे विश्वामित्राच्या यज्ञात नकळत विघ्न आणतो आणि त्याच्या क्रोधशमनार्थ राज्य देऊन बसतो. (उपलब्ध रिळे १९१३ ची की १९१७ मधील पुनर्निर्मितीची, याविषयी मतभेद आहेत.)

बोलपटात हेच कार्य ध्वनीनेही साधता येते. गिरगावच्या सेंट्रल चित्रपटगृहात १९३६ मध्ये लागलेल्या प्रभातच्या संत तुकाराम मध्ये तुकाराम प्रथम भजनात रमलेला दिसतो. पाठोपाठ सालोमालो तेच पद स्वतःचे म्हणून नाटकी थाटात गातो. दोघांतील विरोध सांगण्यास संवादाची गरज उरत नाही.

खून, पाठलाग यांसारख्या धक्क्याने आरंभ करण्याची प्रथा सोपी व म्हणूनच फार रुळलेली आहे. ऑर्सन वेल्स यांच्या टच ऑफ ईव्हिल (१९५८) या चित्रपटात मोटारीत बाँब ठेवलेला प्रथम दाखविला आहे व त्यानंतर तीन मिनिटांहून अधिक काळ कॅमेरा अखंड फिरतो; तेथील ताण स्फोटाचा नसून स्फोटापूर्वीच्या प्रतीक्षेचा आहे. चैतन्य ताम्हाणे यांच्या कोर्ट (२०१४) मध्ये असा कोणताच संकेत नाही. वृद्ध लोकशाहीर नारायण कांबळे मुलांची शिकवणी घेतो, बसने मुंबईतील सभेच्या ठिकाणी पोहोचतो, गातो आणि तेथेच पोलीस त्याला अटक करण्यास येतात. कॅमेरा बहुधा दूर व स्थिर असतो. पुढे न्यायालयात त्याच्यावरील आरोप वाचला जातो, तेव्हा शिकवणी घेणारा तो माणूस प्रेक्षकाने पाहिलेला असतो. न्यायाधीशाने पाहिलेला नसतो.