ज्यांच्या तिथी हरवल्या, त्या पितरांसाठी

महालक्ष्म्यांचे मुखवटे पुसून, मऊ वस्त्रात गुंडाळून पेटीत ठेवले जातात आणि चार-सहा दिवसांतच पितृपक्ष दाराशी येऊन उभा राहतो. ज्या चुलीवर सोळा भाज्या आणि आंबील शिजली, त्याच चुलीवर आता कढी, वडे, गंगाफळाची भाजी आणि तांदळाची खीर होऊ लागते. संग्रामपूर तालुक्यातील आमच्या वरवट बकाल गावी, सातपुड्याच्या पायथ्याशी पऱ्हाटी फुलावर आलेली असते. अशा दिवसांत घरोघर सकाळपासून एकच धांदल असते : आज कोणाकडचे पितर, आणि पाटावर कोणाला बसवायचे?

या पाटाविषयी आम्हांला लहानपणापासून एक कुतूहल आहे. पितर म्हणून जेवावयास बोलावलेला मनुष्य गावातलाच असतो. काल तो बैलगाडीवरून जाताना आपल्याशी बोललेला असतो. उद्या बाजारात पुन्हा भेटणार असतो. परंतु घरधनी त्याचे पाय धुतो, कपाळी गंध लावतो, आणि त्या घटकेपुरता तो गावातला कोणी एक राहत नाही. घरची सासुरवाशीण त्याला वाढताना डोक्यावरचा पदर सावरते. म्हातारी आजी दाराआडून त्याच्या ताटाकडे पाहत असते. आपल्या धन्याला कढी आवडत असे, हे तिला आठवत असते. पाटावर बसलेल्या त्या देहातून कोणी दुसराच जेवतो आहे, ही भावना त्या घरात खरी असते.

आमच्या धर्मशास्त्रानेही हाच भाव शब्दांत धरला आहे. तर्पणाच्या वेळी पिता वसुरूप, पितामह रुद्ररूप आणि प्रपितामह आदित्यरूप म्हणून आवाहिले जातात. जो गेला तो नाहीसा झाला नाही. त्याचे रूप पालटले, असा याचा भावार्थ. मात्र येथे एक अडचण उभी राहते. नाव, गोत्र आणि तिथी ठाऊक असेल तर आवाहन करावयाचे. ज्यांचे यांपैकी काहीच ठाऊक नाही, त्यांनी कोणाच्या दाराशी यावे?

भाद्रपदातील अमावास्या या प्रश्नाचे उत्तर आहे. सर्वपित्री अमावास्येला ज्यांची तिथी माहीत नाही, ज्यांचे श्राद्ध काही कारणाने राहिले, अशा सर्वांचे स्मरण होते. तर्पणाचा विस्तारही असाच आहे. ज्यांना पुत्र नाही, ज्यांचे कोणी उरले नाही, त्यांच्यासाठीही ओंजळ सोडली जाते. ब्रह्मदेवापासून गवताच्या काडीपर्यंत सर्वांची तृप्ती इच्छिली जाते. आमच्या पूर्वजांनी ठेवलेले हे दार किती रुंद आहे, याचा विचार आम्ही सहसा करीत नाही. तो यंदा करावा, एवढ्याचसाठी हा लेखनप्रपंच.

सातपुड्यातील सागवानी खांब

सोनाळा-टुनकीच्या पलीकडे डोंगर चढू लागला की कोरकू बांधवांच्या वस्त्या लागतात. त्यांच्यात मृताच्या स्मरणार्थ सागाच्या लाकडाचा कोरीव खांब उभारण्याची जुनी रीत आहे. त्यास मुंडा म्हणतात. त्यावर सूर्य आणि चंद्र कोरतात, खाली घोड्यावर बसलेला स्वार कोरतात. सिडोली नावाच्या विधीने मृताला पूर्वजांच्या मेळ्यात पोहोचविले जाते. हा विधी मृत्यूनंतर लगेच होतोच असे नाही. कुटुंबाची ऐपत जुळेपर्यंत कधी कधी कित्येक वर्षे लोटतात. पण विलंब झाला म्हणून ऋण फिटले असे कोणी मानीत नाही. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विधीची नोंद आहे.

नाशिकास धुळवडीच्या दिवशी वीर निघतात, तेही असेच. घराण्यातील पूर्वजांचे टाक देवघरातून काढून, वाजतगाजत गोदावरीवर नेऊन त्यांना स्नान घालतात. मुलांना देवांचे आणि वीरांचे वेष देऊन मिरवणुकीत नाचवितात. पाटावरचा पितर, सागवानी खांबावरचा स्वार आणि हातात धरलेला टाक, हे तिन्ही एकच गोष्ट सांगतात. डोळ्यांना दिसेनासा झालेल्याला माणसाने दिसेल असे रूप दिले. लाकडाचे, धातूचे, नाहीतर शेजारच्या माणसाचे.

कपाशीच्या वाटेने

आता वाचकांनी आमच्याबरोबर थोडे दूर यावे. वाट अनोळखी नाही, ती आपल्याच पऱ्हाटीतून जाते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले आणि तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. तेव्हा वऱ्हाडच्या कपाशीला पूर्वी कधी नव्हता एवढा भाव आला. खामगावची बाजारपेठ भरभराटीस आली. १८७० साली जलंबहून खामगावला आगगाडी गेली ती कापसाच्या गासड्यांसाठीच. आमच्या पणजोबांच्या काळी वऱ्हाडाने जे बरे दिवस पाहिले, त्यांचे एक मूळ त्या युद्धात होते. आणि त्या युद्धाचे मूळ होते गुलामगिरीत. अमेरिकेतील तो कापूस ज्यांच्या हातांनी वेचला जात होता, ती माणसे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची लेकरे होती.

सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसे साखळदंडांत जहाजांवर चढविली गेली. त्यांपैकी सुमारे एक कोटी सात लाख पलीकडच्या किनाऱ्यास जिवंत लागली. उरलेली अटलांटिक महासागरातच संपली. त्यांना ना अग्नी मिळाला, ना माती, ना तीळ, ना पाण्याची ओंजळ. जी पोहोचली त्यांची नावे बदलली गेली, भाषा मोडली गेली, आई एका मळ्यावर आणि मूल दुसऱ्या मळ्यावर विकले गेले. नाव नाही, कुळ नाही, मृत्यूची तिथी नाही. पितृपक्षात ज्याला अवघे तीन पिढ्यांचे स्मरण करावयाचे आहे, त्याने क्षणभर मनाशी विचार करावा : अशा मनुष्याने आपल्या पणजोबाला कोणत्या नावाने हाक मारावी?

कापडाच्या थरांतील पूर्वज

त्यांनी हाक मारली, ती मुखवट्यातून आणि नृत्यातून. पश्चिम आफ्रिकेत, आजच्या नायजेरिया आणि बेनिन या देशांत, योरुबा नावाचा मोठा समाज आहे. त्यांच्यात पूर्वजांच्या उत्सवास एगुंगुन म्हणतात. उत्सवाच्या दिवशी नखशिखांत वस्त्रांनी झाकलेली एक आकृती ढोलांच्या तालावर गावात येते. आतील माणसाचा हात, पाय, चेहरा काही दिसू नये, अशी दक्षता असते. तो कोण आहे हे उघड बोलावयाचे नसते. कारण त्या वेळी तो कोणाचा मुलगा किंवा शेजारी नसतो, तो परतून आलेला पूर्वज असतो. स्त्रिया त्याच्या कुळाची स्तुती गातात. तो गिरक्या घेतो तेव्हा कापडाच्या शेकडो पट्ट्या उडतात आणि त्यांच्या वाऱ्यात आशीर्वाद असतो, अशी श्रद्धा आहे.

या वस्त्राची एक गोष्ट आमच्या मनाला विशेष भिडली. ते जुने झाले म्हणून टाकीत नाहीत. त्याच्यावरच नव्या कापडाचा थर चढवितात. पुढची पिढी आणखी एक थर घालते. सर्वांत आत सर्वांत जुने कापड राहते आणि वस्त्र वर्षांनुवर्षे जड होत जाते. घराण्याची वंशावळ जणू अंगावर पांघरलेली असते. याच लोकांत गेलेदे नावाचा दुसरा मुखवट्यांचा उत्सव आहे. त्यात कोरलेले लाकडी मुखवटे डोक्यावर धारण करून आदिमातेचा आणि स्त्रीशक्तीचा गौरव करतात. युनेस्कोने २००८ साली मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत त्याचा समावेश केला.

गुलाम म्हणून गेलेल्यांनी हे सोबत काय नेले? हातात काहीच नेता आले नाही. नेले ते मनात. ब्राझील देशात सुमारे अठ्ठेचाळीस लाख आफ्रिकी माणसे उतरविली गेली आणि तेथील गुलामगिरी १८८८ साली संपली. त्याच देशात, साल्वादोर शहरासमोरच्या इतापारिका बेटावर, एगुंगुनची उपासना आजतागायत चालत आली आहे. अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिना राज्यात १९७० साली काही कृष्णवर्णीय कुटुंबांनी ओयोतुंजी नावाचे गाव वसविले आणि जो धर्म पणजोबांच्या हातून हिरावला गेला होता तो पुन्हा शिकून घेतला. तेथेही पूर्वजांचा उत्सव होतो. त्या वस्त्राखाली कोणाचा पूर्वज आहे? ज्याचे नाव उरले नाही त्याचा, आणि म्हणून सर्वांचाच. आमच्या सर्वपित्रीचा अर्थ याहून निराळा आहे काय?

आपल्याच देशातील लेकरे

हे सारे परक्या भूमीचे, असे कोणास वाटेल. परंतु आफ्रिकेची लेकरे आपल्या देशातही आहेत. इतिहासात त्यांना हबशी आणि सिद्दी म्हटले आहे. हबसाणात जन्मून गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. आजचे छत्रपती संभाजीनगर ज्या खडकी गावावर उभे आहे, ते १६१० साली त्याने राजधानी म्हणून वाढविले. जंजिऱ्याच्या सिद्द्यांचे संस्थान तर १९४८ पर्यंत होते.

पण राजे झाले ते थोडे. कारवारच्या बाजूला, उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर, हल्याळ, अंकोला या तालुक्यांच्या रानांत राहणारे सिद्दी हे कष्टकरी लोक. त्यांच्यापैकी अनेकांचे पूर्वज पोर्तुगिजांच्या गोव्यातून गुलामी सोडून या रानांत आले. ते घरात कोकणी बोलतात. त्यांच्यात कोणी हिंदू, कोणी मुसलमान, कोणी ख्रिस्ती आहेत. आफ्रिकेतील गावाचे नाव त्यांना ठाऊक नाही, तेथली भाषा राहिली नाही. राहिले आहे ते ढोलाच्या तालावरचे नृत्य, आणि राहिले आहेत हिरियरू. हिरियरू म्हणजे वडीलधारे, घरातील पूर्वज. हिंदू सिद्दींच्या घरात नारळाच्या रूपाने त्यांची स्थापना असते आणि वर्षाच्या सणाला त्यांची पूजा होते. सर्व काही गमावलेल्या माणसाने शेवटपर्यंत काय जपले, तर वडिलांची जागा. २००३ साली या सिद्दींचा समावेश अनुसूचित जमातींत झाला आणि २०२० साली शांताराम सिद्दी हे त्यांच्यातील पहिले गृहस्थ कर्नाटकाच्या विधान परिषदेत गेले.

आमच्या पाटावर कोण?

कोणी विचारील, श्राद्ध हे शास्त्रोक्त कर्म. त्याची तुलना मुखवटे घालून नाचणाऱ्यांशी करणे योग्य आहे काय? आमचे उत्तर नम्र आहे. विधी वेगळे आहेत आणि ते वेगळेच राहावेत. आम्ही तीळ आणि दर्भ सोडून मुखवटा घ्यावा, असे कोणी सुचवीत नाही. परंतु विधीच्या मुळाशी जी कृतज्ञता आहे, ती ओळखण्यास शास्त्राची कोठे मनाई आहे? महालक्ष्मीच्या मुखवट्यापुढे हात जोडणाऱ्या घराला, मुखवट्यातून देवत्व आणि वडीलपण पाहणे अनोळखी नाही.

आम्हांला खरी लाज वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. ज्यांची नावे बळाने हिरावून घेतली गेली, त्यांनी पूर्वज टाकले नाहीत. आमची नावे कोणी हिरावली नाहीत, तरी ती आमच्या हातून निसटत आहेत. गावातली मुले पुण्याला गेली, सुरतेला गेली. घरे बंद झाली. पितृपक्षात दूरध्वनीवरून विचारणा होते, "बाबांची तिथी कोणती?" आणि कधी कधी उत्तर देणारेच कोणी उरलेले नसते. पणजोबांचे नाव विचारले तर घरातील शिकलेला मुलगा आईकडे पाहतो आणि आई भिंतीवरच्या धूसर छायाचित्राकडे. पणजीचे नाव तर बहुधा कोणासच ठाऊक नसते. समुद्राने नेलेली नावे आणि विस्मरणाने नेलेली नावे, यांत पितरांच्या दृष्टीने काय फरक?

म्हणून यंदाच्या पितृपक्षात प्रत्येक घराने एक वही करावी. घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसून आजोबा-पणजोबांची, आजी-पणजीची, आईच्या माहेरच्या वडीलधाऱ्यांची नावे, गावे, आठवतील त्या तिथी तीत लिहून घ्याव्यात. कोण विहीर खणताना गेला, कोणी दुष्काळात गुरे जगविली, कोणती पणजी कोणते गाणे जात्यावर म्हणे, हेही लिहावे. पुढच्या वर्षी पुढच्या पिढीने तिच्यात भर घालावी, योरुबांच्या त्या वस्त्रावर चढणाऱ्या नव्या थराप्रमाणे. ही वही देवघरात, टाकांच्या शेजारी ठेवण्याच्या योग्यतेची आहे.

आणि सर्वपित्रीला तर्पण करताना, आपल्या घरच्या पितरांची ओंजळ सोडून झाली की, नाव नसलेल्यांसाठी शेवटची ओंजळ येईल. ती घाईने सोडू नये. तिच्यात आमच्या डोंगरातील, ज्याचा मुंडा अजून उभा राहिला नाही तो कोरकू आहे. कारवारच्या रानात विसावलेला सिद्दी आहे. ज्यांच्या हातच्या कापसाशी आमच्या कापसाचे दैव जोडले गेले, ती साता समुद्रांपलीकडची माणसे आहेत. त्यांची तिथी कोणास ठाऊक नाही. म्हणूनच ही अमावास्या त्यांची आहे.

पान वाढून झाले आहे. कावळ्याची वाट पाहत घर अंगणात उभे आहे. ज्यांना बोलावले ते येवोत. आणि ज्यांना बोलावणारे कोणी उरले नाही, तेही या दारी तृप्त होवोत.