डॉक्टरांनी ‘ईएमजी’ सांगितलीय? घाबरू नका!

डब्याचं घट्ट झाकण पूर्वी तुम्ही सहज उघडत होता. आता मुलाला हाक मारावी लागते. निऱ्यांना पिन लावताना बोटं साथ देत नाहीत. चालता चालता पायातली चप्पल निसटते. “वय झालं, दुसरं काय!” असं म्हणून आपण टॉनिकची बाटली आणतो. पण फारसं दुखत नाही, खुपत नाही आणि तरी ताकद महिन्यागणिक कमी होतेय, अंगठ्याजवळचा मांसल भाग खोलगट दिसतोय, असं असेल तर बाटली बाजूला ठेवा आणि डॉक्टर गाठा. ते मज्जातंतूंच्या तज्ज्ञांकडे पाठवतील आणि बहुधा ‘ईएमजी’ म्हणजे इलेक्ट्रोमायोग्राफी करायला सांगतील.

नाव ऐकूनच पोटात गोळा येतो. “विजेचे झटके देतात म्हणे!” असं सांगणारं कुणीतरी भेटतंच. खरं काय, ते पाहू या.

तपासणी सहसा दोन भागांत होते. आधी हातापायांवर पट्ट्या चिकटवून मज्जातंतूला बारीकसा विजेचा धक्का देतात. बोट टचकन उडतं, इतकंच. त्यावरून तंतूतून संदेश किती वेगानं धावतो ते कळतं. निरोगी हातात हा वेग सेकंदाला साधारण ५० मीटर किंवा त्याहून जास्त असतो. मग स्नायूत बारीक सुई टोचतात. तिच्यातून वीज सोडत नाहीत. सुई फक्त ऐकते! निरोगी स्नायू सैल सोडला की गप्प असतो. मज्जातंतूशी नातं तुटलेला स्नायू मात्र विसाव्यातही कुरकुरतो. यंत्राच्या स्पीकरमधून तो आवाज पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा येतो.

एवढा खटाटोप कशासाठी? कारण तक्रार एकच, पण आजार अनेक. मनगटात दबलेली नस असेल, मानेचा मणका असेल. किंवा फ्रान्सच्या शार्को यांनी १८६९ मध्ये वर्णन केलेला आजार असेल. त्यात हालचालीचा हुकूम देणाऱ्या पेशी झिजतात, स्पर्श मात्र शाबूत राहतो. तो बरा करणारं औषध अजून नाही. पण वेळेवर कळलं तर गिळणं, श्वास, व्यायाम यांची काळजी आधीपासून घेता येते. उलट, मज्जातंतूत मध्येच अडथळा येणारा एक आजार वरवर अगदी तसाच दिसतो आणि इम्युनोग्लोब्युलिनच्या उपचारानं पुष्कळदा सुधारतो. दोन्हींत गल्लत झाली तर केवढं नुकसान!

तरण्या मुलाचा एकच हात बारीक होतोय? त्यालाही लगेच दाखवा. जपानच्या हिरायामा यांनी १९५९ मध्ये असे रुग्ण नोंदवले. बंगळूरच्या निम्हान्समधल्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये आपल्याकडचे. हा आजार बहुधा काही वर्षांत आपोआप थांबतो. म्हणजे आईनं लगेच वाईटच धरून बसायचं कारण नाही.

आता तयारी. उपाशी राहायची गरज नसते. त्या दिवशी अंगाला तेल, क्रीम लावू नका. पट्ट्या नीट चिकटत नाहीत. बांगड्या, अंगठ्या घरीच काढून ठेवा. गुडघ्यापर्यंत आणि खांद्यापर्यंत सहज सरकतील असे सैल कपडे घाला. हात गार असतील तर तंतूंचा वेग खोटाच कमी दिसतो, म्हणून थंडीत शाल न्या. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल किंवा छातीत पेसमेकर असेल, तर आधीच सांगा. अर्धा-पाऊण तास, कधी तासभरही लागतो. सुई टोचलेली जागा एखादा दिवस ठणकते.

रिपोर्ट हातात आला की शेजारणीला वाचून दाखवू नका. एकट्या रिपोर्टवरून निदान होत नाही. डॉक्टर अंग तपासून मगच ठरवतात. बरोबर घरचं एक माणूस न्या, प्रश्न कागदावर लिहून न्या. आणि पेशंट घरातलं दुसरं कुणी असेल तर त्याच्यापासून चोरून ठेवू नका. त्याचा हात आहे, त्याला कळायला हवं.

घरातल्या सगळ्यांची दुखणी आपल्याला दिसतात, आपलं तेवढं ‘दिवाळीनंतर बघू’ असतं. या बाबतीत मात्र दिवाळीची वाट पाहू नका.